जीभ चावली, पण कधी?

प्रश्न : माझी मुलगी बारावीला आहे. वाचनालयातून इंग्रजी कथा आणते आणि अडलं की मला विचारते. 'शी बिट हर टंग', 'ही श्रग्ड', 'दे टर्न्ड अ ब्लाइंड आय' यातला शब्द न् शब्द कळतो, तरी प्रसंग जुळत नाही. खरोखर अंगाने केलेलं काय आणि नुसतं बोलण्यापुरतं काय, हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : ताई, तुम्ही मुलीबरोबर बसून वाचता, याचा फार आनंद वाटला.

आधी जिभेचं घेऊ, खरा घोटाळा तिथेच आहे. आपण जीभ चावतो ती शब्द निसटून गेल्यावर. ज्याच्याविषयी बोललो तोच मागे उभा दिसला की चावतो. इंग्रजीत मात्र जीभ चावली म्हणजे शब्द बाहेर पडूच दिला नाही. पाहुण्यांसमोर सासू म्हणाली, 'हिला सोलकढी जमतच नाही,' सुनेच्या ओठांवर उत्तर आलं आणि तिने ते गिळलं, तर इंग्रजी कथेत 'शी बिट हर टंग' येईल. तिथे आपला अर्थ लावला, तर मुकाट राहिलेली सून भलतंच बोलून बसली असं वाटतं आणि पुढचं सगळं पान उलटं लागतं.

'श्रग' ही खरी हालचाल. खांदे उचलायचे आणि सोडायचे. मोठ्यांसमोर कुणी असं केलं तर आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. इंग्रजी कथेत पुष्कळदा 'मला ठाऊक नाही' किंवा 'माझ्या हातात काही नाही' एवढंच त्यात असतं. चार्ल्स डार्विनने 1867 मध्ये देशोदेशी प्रश्नावली पाठवून लोक खांदे कधी उडवतात, होकार-नकाराला मान कशी हलवतात, हे विचारलं होतं. भावनांच्या आविष्कारावरच्या 1872 च्या पुस्तकात त्याने ती उत्तरं वापरली.

मानेचं सोपं आहे. 'नॉड' म्हणजे वर-खाली, होकार. 'शेक' म्हणजे आडवी, बहुधा नकार, पण वाईट बातमी ऐकल्यावरची हळहळही. भाव पटला की आपल्या बाजारातली मासेवाली जी मान कलती डोलावते, ती या दोन्हींत बसत नाही. ती इंग्रजी कथेत शोधू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. मी दोन गोष्टी बघते. एक, समोरच्या पात्राला ती हालचाल दिसली का? 'माझ्यासमोर डोळे फिरवू नकोस' असं आई म्हणाली, तर मुलीने डोळे खरंच फिरवलेत. दुसरी, वाक्याचा कर्ता कोण? सरकारला किंवा बँकेला डोळे नसतात. त्यांनी 'ब्लाइंड आय' फिरवला म्हणजे कानाडोळा केला. या वाक्प्रचाराशी आरमारी सेनापती नेल्सनची गोष्ट जोडतात. 1801 मध्ये कोपनहेगनच्या लढाईत माघारीची निशाणी दाखवली गेली, तेव्हा त्याने दुर्बीण आपल्या निकामी डोळ्याला लावली आणि निशाणी दिसतच नाही म्हणाला, असं सांगतात.

बोटांवर बोट चढवणं, 'फिंगर्स क्रॉस्ड', दोन्हींकडे जातं. कधी पात्र खरंच तर्जनीवर मधलं बोट चढवतं, कधी नुसतं तसं म्हणतं. आपण रवळनाथाला गाऱ्हाणं घालतो, तशी ती मनातली आस. पण पोराने बोटं पाठीमागे लपवून चढवली असतील, तर ते खोटं बोलत आहे.

शब्दकोश शिकणाऱ्यांसाठीचा घ्या. त्यात असे वाक्प्रचार बहुधा नोंदीच्या शेवटी वेगळे दिलेले असतात. 'टंग'खाली नाही सापडला, तर 'बाइट'खाली पाहा.