पीएचडीचं विद्यापीठ व्हिजिट वीकेंडवरून ओळखता येतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत मास्टर्स करताय, रसायनशास्त्राच्या पीएचडीसाठी दोन विद्यापीठांच्या ऑफर हातात आहेत आणि दोन्हीकडचे व्हिजिट वीकेंड, म्हणजे प्रवेश मिळालेल्यांना विभाग दाखवायला बोलावतात ते दिवस, करून आलात. एकीकडे उत्तम हॉटेल, छापील वेळापत्रक, जेवणं, सगळं चोख. दुसरीकडे न्यायला कोणी आलंच नाही, एक प्राध्यापक भेटीची वेळ विसरले आणि दुपारच्या जेवणाला गार पिझ्झा. तर पहिलं विद्यापीठ चांगलं असं समजायचं का?

नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात पोहे छान झाले होते म्हणून कोणी लग्न ठरवत नाही. पण व्हिजिट वाया जाते असंही नाही. माझ्या मते तिच्यावरून कुठे जावं हे क्वचितच कळतं, कुठे जाऊ नये हे मात्र बऱ्यापैकी कळतं. मीही तुमच्यासारखीच इथे मास्टर्स करताना अशा व्हिजिटना गेले होते. नंतर मध्य-पश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात पीएचडी केली, आणि तिथे पाहुण्या विद्यार्थ्यांची सोय बघणाऱ्या समितीतही होते. त्यामुळे ताटाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात.

आधी स्वयंपाकघरातलं सांगते. व्हिजिटचा थाट दोन गोष्टींवर ठरतो: विभागाकडे पैसा किती आणि विद्यार्थ्यांचं कार्यालयीन काम बघणाऱ्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटर बाई किती तरबेज. (आमच्याकडे बाई होत्या, आणि अख्खा विभाग त्यांच्या जिवावर चालायचा.) यातल्या कशाचाही तुमच्या भावी गाइडशी संबंध नाही. पाहुण्यांना फिरवायला विद्यार्थी कसे मिळतात? सगळ्यांना मेल जाते, ज्यांना जमेल ते हो म्हणतात. हो म्हणणारे बहुतेक करून मजेत असलेले, बोलघेवडे, किंवा ज्यांचा गाइड अर्धा दिवस सोडायला कुरकुर करत नाही असे. ज्याचं चौथ्या वर्षीही काही जुळून येत नाहीये, तो त्या दिवशी फ्यूम हूडपुढे (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या, काचेचं दार असलेल्या कपाटापुढे) प्रयोग करत उभा असतो. म्हणजे दिवसभर तुम्हाला भेटतात ते निवडून समोर आलेले. पण रात्रीच्या जेवणाला तोही येतो, कारण जेवण फुकट असतं! टेबलाच्या टोकाला बसून मुकाट्याने खाणारा चौथ्या-पाचव्या वर्षाचा विद्यार्थी दिसला तर विभागप्रमुखांच्या शेजारची खुर्ची सोडा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.

हवेचंही असंच. या व्हिजिट फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. तेव्हा मिनेसोटात बर्फाचा चिखल असतो आणि कॅलिफोर्नियात लोक हिरवळीवर पहुडलेले असतात. तो हिरवळीचा फोटो घरी पाठवण्याआधी हे आठवा: २०२२ च्या नोव्हेंबरात युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यात पीएचडीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते, आणि गाऱ्हाणं मुख्यतः हेच की मिळणाऱ्या पैशात तिथलं घरभाडं परवडत नाही. ऊन फुकट असलं तरी त्याखालची खोली फार महाग आहे.

आता पाहायचं काय? मी सगळ्यात जास्त वजन देते ते लॅब दाखवतात त्या अर्ध्या तासाला. तिथे बोलणं तयार करून ठेवता येतं, सवयी नाही. लोकांनी कोट आणि गॉगल घातलेत का, की पाहुणे येताना दिसल्यावर घाईघाईने चढवले? हूडची काच खाली आहे की वरपर्यंत उघडी टाकलीय? हे बारकावे वाटतील, पण आपल्या विषयात ते जिवाशी गाठ घालणारे आहेत. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी संगजी ही २३ वर्षांची संशोधन साहाय्यक टर्ट-ब्युटिललिथियम हे रसायन सिरिंजने काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, ते हवेत येताच पेटलं. अंगात लॅब कोट नव्हता, स्वेटरने पेट घेतला आणि १८ दिवसांनी ती गेली. त्या प्रकरणात लॅबच्या प्रमुख प्राध्यापकांवर फौजदारी गुन्हा दाखल झाला. त्यानंतर अमेरिकेतल्या विभागांनी नियमावल्या जाड केल्या, पण नियम भिंतीवर आहे की अंगात, हे लॅबमध्ये उभं राहिल्यावरच दिसतं. ज्या गटात सुरक्षेचा विषय हसण्यावारी नेतात त्या गटाचे शोधनिबंध कितीही मोठ्या नियतकालिकांत येत असोत, मी तिथे फुली मारीन.

त्याच अर्ध्या तासात आणखी एक बघा. लॅबमध्ये कोण बोलतं? विद्यार्थी स्वतःचं काम स्वतः समजावून सांगतात का, की प्रत्येक उत्तराआधी सरांच्या तोंडाकडे बघतात? मी ज्या गटात गेले तिथली व्हिजिट दिसायला तुमच्या दुसऱ्या विद्यापीठासारखीच होती, वेळापत्रकात माझं नावसुद्धा चुकीचं छापलेलं. पण लॅबमध्ये प्राध्यापक एका स्पेक्ट्रमवरून (यंत्रातून आलेल्या आलेखावरून) मोठं काहीतरी सांगत असताना पाचव्या वर्षाची एक मुलगी मध्येच म्हणाली की नाही, हे शिखर अशुद्धीचं असू शकतं, आम्ही अजून तपासलेलं नाही. सर थांबले, तिच्याकडून नीट समजून घेतलं आणि आम्हाला म्हणाले, "मग मी सांगितलं ते आत्ता धरू नका." आम्हा पाहुण्यांसमोर हे घडलं. दुसऱ्या एका ठिकाणी, जिथे सगळं देखणं होतं, तिथे प्राध्यापकांना आपल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा विषय नीट आठवेना आणि तो विद्यार्थी ओशाळून हसत उभा राहिला. मला त्यापुढे फारसा विचार करावा लागला नाही.

लॅबच्या मागच्या खोल्याही बघून घ्या. एनएमआर (रेणूंची रचना तपासायची महागडी यंत्रं) किती आहेत यापेक्षा रात्री आठला नंबर लावला तर कधी लागतो, वेळेचे पैसे कोणाच्या खात्यातून जातात, बिघडलं तर दुरुस्त करणारा माणूस विभागात आहे का, हे तिथल्याच कोणाला तरी विचारा. यंत्रं सगळेच दाखवतात, रांग कोणी दाखवत नाही.

विद्यार्थ्यांशी बोलताना "गाइड कसे आहेत?" असं विचारू नका. "खूप सपोर्टिव्ह आहेत" हेच उत्तर येईल, आणि त्या विद्यार्थ्याचाही नाइलाज असतो. शिफारसपत्र त्याच माणसाकडून घ्यायचंय. असे प्रश्न विचारा ज्यांचं उत्तर मत नसून माहिती असते. ग्रुप मीटिंग कोणत्या वारी असते? शनिवारी सकाळी असेल तर बाकीचं आपोआप कळलं. भारतीय विद्यार्थी असेल तर घरी शेवटचं कधी गेला होतास आणि किती आठवडे? हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. "व्हिसाचं टेन्शन होतं म्हणून नाही गेलो" आणि "सरांनी दहाच दिवस दिले" या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शोधनिबंधाचा मसुदा दिल्यावर वाचून परत यायला किती वेळ लागतो? मागच्या पाच वर्षांत गटातून किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, किती जण मास्टर्स घेऊन मध्येच गेले? काही विभागांत पहिल्या दोन वर्षांत दर महिन्याला क्युम्युलेटिव्ह परीक्षा असतात, तिथे शेवटच्या बॅचमधले किती अडकले? एकच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांना विचारायला लाजू नका. उत्तरं जुळली नाहीत तर चौथ्याला विचारा.

मध्येच सोडून गेलेल्यांबद्दल गाइड स्वतः बोलले तर तो चांगला शकुन समजा. नाही बोलले तर घरी येऊन एक काम करा. त्या गटाच्या संकेतस्थळाच्या जुन्या प्रती वेबॅक मशीनवर बघा. तीन-चार वर्षांपूर्वीच्या सदस्यांच्या पानावर असलेली नावं आज ना सध्याच्या यादीत आहेत ना माजी विद्यार्थ्यांच्या, असं दिसलं तर ती माणसं कुठे गेली हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एखाद-दुसरं नाव कुठेही गळतं. चार-पाच गळली असतील तर ती वेबसाइट करणाऱ्याची चूक नसते.

गाइड नवीन असतील, म्हणजे अजून टेन्युअर (कायम नेमणूक) नसेल, तर त्यांचा निर्णय साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास लागतो, आणि नकार आला तर तुमच्या पीएचडीच्या ऐन मध्यात त्यांना जावं लागतं. म्हणून नवीन माणसाकडे जाऊच नये असं नाही, शिकायला तर तिथे जास्त मिळतं. पण त्या विभागात तुम्हाला चालतील असे आणखी दोन गट हवेत. एकाच माणसासाठी विद्यापीठ निवडू नका.

पैशाची चौकशी करताना आपल्याकडच्या मुलांना अवघडल्यासारखं होतं. होऊ देऊ नका. स्टायपेंड नऊ महिन्यांचा की बारा? उन्हाळ्यात कोण देतं? स्टुडंट फी कापून हातात किती येतात? आरोग्य विमा धरलेला आहे का? किती सेमिस्टर शिकवावं लागतं, आणि आपण परदेशी असल्यामुळे टीए (शिकवणारा साहाय्यक) होण्याआधी बोलण्याची इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल का? पाचव्या वर्षानंतर काय? मग एमआयटीच्या लिव्हिंग वेज कॅल्क्युलेटरवर त्या काउंटीचा आकडा काढा आणि शेजारी ठेवा. आणि इथेच तुमच्या दुसऱ्या विद्यापीठातला गोंधळ कोणत्या जातीचा आहे ते कळेल. न्यायला कोणी आलं नाही, पिझ्झा गार होता, हे विसरून जा. पण उन्हाळ्याच्या पैशाबद्दल विभागप्रमुखांनी एक सांगितलं, कोऑर्डिनेटरने दुसरं आणि विद्यार्थ्यांनी तिसरं, तर तो गोंधळ पुढची पाच-सहा वर्षं तुमच्या बँक खात्यात राहायला येणार आहे. २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या संशोधन निधीला कात्री लागल्यावर काही विद्यापीठांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले, काहींनी तर दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. त्यामुळे "काळजी करू नका, आम्ही बघून घेऊ" हे तोंडी आश्वासन आता पुरत नाही. हमी ऑफरच्या पत्रात कोणत्या शब्दांत लिहिलीय ते वाचा, आणि गाइडची सध्याची ग्रँट (संशोधनाचा निधी) कधी संपते ते सरळ विचारा. मला तरी एकाही प्राध्यापकाने या प्रश्नावर तोंड वाकडं केलेलं आठवत नाही. केलं असतं तर तेही उत्तरच होतं.

हे वाचणाऱ्यांत पुण्या-नागपुरात बसून रात्री झूमवर व्हिजिट करणारेही असतील. भारतातून विमानाचं भाडं विभाग सहसा देत नाहीत, आणि व्हिजिटर व्हिसाची तारीख वेळेत मिळेलच असंही नाही. त्यात फार काही बुडत नाही. झूमवरचा सामुदायिक कार्यक्रम सोडला तरी चालेल, पण त्या गटातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांशी वेगवेगळं, फोनवर बोला. मेलवर विचारू नका, गाइडबद्दल वाईट कोणी लिहून देत नाही. गटात एखादी मराठी ताई किंवा दादा असेल तर उत्तमच. इंग्रजीत जे "ॲडजस्ट व्हायला थोडा वेळ लागतो" असतं, ते मराठीत दहा मिनिटांनी "अगं, पहिलं वर्ष मी रोज रडायचे" होतं. फक्त कोणा एकाच्या बोलण्यावर सगळं ठरवू नका. जो सध्या प्रबंध लिहितोय त्याला अख्खं जगच नकोसं झालेलं असतं.

आता तुमच्या दोन विद्यापीठांकडे. चोख व्हिजिटवाल्या ठिकाणी तुम्ही विद्यार्थ्यांना प्राध्यापकांशिवाय किती वेळ भेटलात? वेळापत्रकात तसा तास नव्हताच, असं असेल तर त्यांना आता लिहा आणि दोन विद्यार्थ्यांशी बोलायचंय म्हणून नावं मागा. शिवाय त्यांनी न सुचवलेल्या एकाला स्वतःहून गाठा. दुसऱ्या ठिकाणी विसरलेल्या प्राध्यापकांनी नंतर स्वतः माफी मागून वेळ दिली का? दिली असेल तर मी ते प्रकरण मिटलं असं धरीन. आठवडा उलटूनही काही नाही, आणि तुम्हाला त्यांच्याच गटात जायचंय, तर मसुदे वाचायलाही ते असाच वेळ लावणार.

घाई करू नका. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केलेल्या विद्यापीठांना आर्थिक साहाय्याच्या ऑफरवर १५ एप्रिलच्या आधी उत्तर मागता येत नाही. तुमची दोन्ही त्या यादीत आहेत का ते बघून घ्या. मात्र एकीकडे नाही म्हणायचं पक्कं झालं की तारखेची वाट न बघता लगेच कळवा, वेटलिस्टवर कोणीतरी खोळंबलेलं असतं. चार ओळींची मेल पुरते, कारण द्यावं लागत नाही. ज्या प्राध्यापकांना भेटलात त्यांना वेगळी लिहा. पुढे परिषदांमध्ये त्यांच्याशी गाठ पडणारच आहे, आणि कदाचित पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी) त्यांच्याच दारात जावं लागेल.