कोमीदा म्हणजे 'लंच' नव्हे, जेवण

एका वाचक भगिनीने प्रश्न विचारला आहे. त्यांचा मुलगा नोकरीनिमित्त मेक्सिकोतील केरेतारो शहरात राहतो. स्पॅनिश शिकताना त्याने 'आल्मुएर्सो' म्हणजे दुपारचे जेवण आणि 'कोमीदा' म्हणजे अन्न असे पाठ केले होते. प्रत्यक्षात सहकाऱ्यांनी त्याला आल्मुएर्सोला बोलावले ते सकाळी साडेदहाला, आणि 'चला, कोमीदाची वेळ झाली' असे म्हणत सगळे उठले ते दुपारी तीनला. तेव्हा शब्दकोश चुकला की सहकारी, या शब्दांना मराठीत काय म्हणावे, आणि आपण जेवत असताना शेजारून जाणारे अनोळखी लोक 'प्रोवेचो' म्हणतात ते कशासाठी, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

चूक कोणाचीच नाही. कोलंबिया, आर्जेन्टिना अशा देशांत आल्मुएर्सो म्हणजे दुपारचेच जेवण, आणि त्याचा पोर्तुगीज भाऊ 'आल्मोसु' हाही दुपारचाच. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या पिढीला तो ठाऊक असतो. मेक्सिकोचा दिवस मात्र वेगळ्या तालावर चालतो. उठल्यावर कॉफी आणि गोड पाव, किंवा मक्याच्या पिठाचे ऊन ऊन पेय आतोले आणि एखादा तामाल (पानात गुंडाळून वाफवलेला मक्याच्या पिठाचा गोळा), हे झाले देसायुनो. दहा-अकराच्या सुमारास अंडी, घेवड्याच्या जातीच्या दाण्यांची उसळ, मिरचीची साल्सा आणि तोर्तिया असे भरभक्कम खाणे होते, ते आल्मुएर्सो. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान दिवसाचे मुख्य जेवण, ते कोमीदा. रात्री आठ-नऊला काहीतरी हलके, सकाळच्यासारखा गोड पाव आणि दूध, किंवा कोपऱ्यावरच्या गाडीवर उभ्याने खाल्लेले दोन-तीन ताको, ती सेना. (या सेनेचा आपल्या सेनेशी काहीही संबंध नाही.)

आता मराठीत काय म्हणावे? आपल्याकडे चारही शब्द तयार असताना पाककृतींच्या कार्यक्रमांत आणि प्रवासवर्णनांत 'मेक्सिकन ब्रेकफास्ट', 'मेक्सिकन लंच', 'मेक्सिकन डिनर' हीच तीन लेबले डकवलेली मला वारंवार ऐकावी लागतात, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण ती परकी तर आहेतच, शिवाय चुकीची आहेत. चार खाण्यांना तीन शब्द पुरणार कसे? आल्मुएर्सो ही आपली न्याहारी आहे, आणि तीही शहरातली पोह्यांची बशी नव्हे. शेतावर पहाटेपासून राबणाऱ्या माणसासाठी घरून नऊ-दहाला भाकरी, झुणका आणि ठेचा येतो, ती न्याहारी. मेक्सिकोतील शेतकऱ्याचे आल्मुएर्सोही नेमके त्याच वेळी आणि त्याच भुकेसाठी असते. देसायुनोला चहापाणी म्हणावे, कोमीदाला जेवण म्हणावे, आणि सेनेला 'रात्रीचे खाणे' म्हणावे. जेवण म्हणू नये, कारण मेक्सिकन माणूस तिला जेवण समजत नाही.

देसायुनोची फोड सोपी आहे: 'आयुनो' म्हणजे उपास, 'देस' म्हणजे सोडणे. आपले पारणे तेच. याच घटकांच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचमध्ये 'देजने' आणि 'दिने' असे दोन शब्द झाले, आणि दुसऱ्यापासून इंग्रजीचे डिनर झाले. म्हणजे रात्रीच्या खाण्याला मोठ्या ऐटीने डिनर म्हणणारे लोक मुळात सकाळचा उपास सोडत असतात. जेवणांची नावे अशी दिवसभर घरंगळत राहतात. फारसीत 'नाहार' म्हणजे न खाल्लेला, उपाशी. 'न' आणि 'आहार' हे त्याचे घटक आपल्या सहज ओळखीचे आहेत. आज इराणात त्याच शब्दाचा अर्थ दुपारचे जेवण असा आहे. आपली न्याहारी याच नाहारची मुलगी आहे असे माझे ठाम मत आहे. ती अरबी 'नहार' म्हणजे दिवस या शब्दावरून काढणाऱ्या मंडळींनी एवढेच सांगावे, की मग दिवसा केलेले प्रत्येक खाणे न्याहारी का होत नाही? उपाशीपोटी घेतलेला पहिला भरीव घासच न्याहारी का ठरतो?

आल्मुएर्सोच्या पोटात लॅटिन 'मोर्देरे', म्हणजे चावणे, हे क्रियापद आहे. त्याच्या सुरुवातीच्या 'आल्'वर अरबी उपपदाची छाया पडली आहे, कारण स्पेनमध्ये शतकानुशतके अरबी बोलली जात होती. सेनेचे मूळ 'कापणे' या अर्थाच्या धातूत आहे: कापून दिलेला वाटा. संस्कृतातील कृन्तति, कर्तन आणि आपली कात्री ही त्याच घरातली. मात्र हे सगळे भराभर बाजूला सारून मला कोमीदाकडे यायचे आहे, कारण या शब्दाइतका विलक्षण शब्द मला दुसरा भेटलेला नाही.

कोमीदा हे 'कोमेर' म्हणजे खाणे या क्रियापदापासून झालेले रूप. कोमेर आले लॅटिन 'कोमेदेरे'पासून, आणि त्याची फोड कोम् + एद् + एरे अशी. 'एद्' हा धातू पाहताच मराठी माणसाने हात जोडावेत, कारण तो संस्कृतातील अद् आहे: अद्मि, अत्ति, आणि अद् पासूनच आपले अन्न. तैत्तिरीय उपनिषद हीच व्युत्पत्ती देते: 'अद्यतेऽत्ति च भूतानि । तस्मादन्नं तदुच्यते', म्हणजे जे खाल्ले जाते आणि जे प्राणिमात्रांना खाते ते अन्न. बहुतेक तुलनाकार दन्त हा शब्दही याच धातूचा मानतात: दात म्हणजे खाणारा. लॅटिनमध्ये या धातूची रूपे फार तोकडी होती. 'खातो' आणि 'आहे' या दोन्ही अर्थांची रूपे 'एस्त' अशीच लिहिली जात आणि फरक उरे तो केवळ स्वराच्या दीर्घतेचा. त्यामुळे बोलणाऱ्यांना अधिक ठसठशीत शब्द हवा झाला. इटली आणि फ्रान्सने 'चघळणे' या अर्थाचा निराळा शब्द उचलला. स्पेन आणि पोर्तुगालने 'कोम्' हा उपसर्ग लावून 'पुरते खाऊन टाकणे' हा शब्द घेतला, आणि पुढे उच्चाराच्या ओघात मधला 'एद्' झिजून पूर्ण नाहीसा झाला. 'कोमेर'मध्ये 'कोम्' हा उपसर्ग आहे, 'एर' हा प्रत्यय आहे, आणि धातू नाही! 'कोमीदा'तही तसेच: उपसर्ग आणि प्रत्यय एकमेकांना येऊन भिडले आहेत आणि ज्याच्यासाठी ते आले होते तो यजमानच घरात नाही. आपल्याकडेही शब्द झिजतात, उपविश् चा बैसणे आणि बैसणेचे बसणे होते, पण तिथे झीज मुख्यतः उपसर्गाची होते आणि 'विश्'चा अंश 'स'मध्ये टिकून राहतो. मेक्सिकोतील बारा-तेरा कोटी माणसे रोज दुपारी ज्या शब्दाने जेवायला बसतात, त्यातून खाण्याचा धातूच खाऊन टाकला गेला आहे, हे मला प्रथम कळले त्या दिवशी मी दुसरे काहीही वाचू शकलो नव्हतो.

आणि म्हणूनच कोमीदाला जेवण हाच प्रतिशब्द शोभतो. कोमीदा म्हणजे अन्नही आणि दिवसाचे मुख्य भोजनही. जेवणही तसेच दुहेरी, 'जेवण झाकून ठेव' आणि 'जेवण झाले का?' हे दोन्ही आपण म्हणतो. इथे मला एका फार पसरलेल्या गैरसमजाचा समाचार घ्यावा लागेल. 'जेवण हे जीवन या शब्दापासून आले' असे व्यासपीठांवरून सांगितले जाते आणि चांगले जाणते लोकही टाळ्या वाजवतात. ही व्युत्पत्ती खोटी आहे. जेवणचे मूळ संस्कृत जेमन, प्राकृत जेमण. दोन स्वरांमधल्या 'म'चा मराठीत सानुनासिक 'व' होतो, हा नियम ग्राम-गाव, नाम-नाव, आमलक-आवळा, कोमल-कोवळा अशा कितीतरी जोड्यांत दिसतो. जुन्या मराठीत जेंवण असे अनुस्वारासह लिहीत, ती त्या हरवलेल्या 'म'चीच खूण होती. गुजराती माणूस आजही 'जमवुं' म्हणतो आणि राजस्थानी माणूस 'जीमणो' म्हणतो. जीवनवाद्यांनी या दोन शब्दांतला 'म' कोठून आला ते आधी सांगावे आणि मगच व्याख्यान द्यावे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत व्याकरणातल्या धातूंच्या यादीत, चम्, छम्, जम्, झम् हे धातू एका ओळीत येतात (चम् म्हणजे आपल्या आचमनातला), आणि त्यांचा अर्थ दिला आहे 'अदने'. पाणिनीय परंपरेने जम् चा अर्थ सांगायला अद् ची मदत घेतली, आणि स्पॅनिशने ज्या शब्दातून अद् गमावला त्याला मी मराठीत जेवण म्हणतो आहे. यापेक्षा नेमका प्रतिशब्द मिळणार नाही.

मेक्सिकोच्या भूमीवरची नावात्ल ही मूळ भाषा मात्र खाण्याचा धातू गमावू देत नाही. नावात्लमध्ये 'क्वा' म्हणजे खाणे, आणि हे क्रियापद कर्माशिवाय उभेच राहत नाही. नुसते 'मी खातो' म्हणायचे तरी 'नित्लाक्वा', म्हणजे 'मी काहीतरी खातो', असेच म्हणावे लागते. अन्नाला शब्द आहे 'त्लाक्वाल्ली'. 1521 साली अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान स्पॅनिशांच्या हाती पडल्यानंतर जेवणांच्या वेळांची नावे स्पेनची झाली, परंतु ताटातले पदार्थ बहुतांशी नावात्लच राहिले: तामाल, आतोले, मोले, पोसोले, चिले (मिरची), आग्वाकाते (अॅव्होकाडो). टोमॅटो तर आपल्याही घरात आला. पाहुण्याला निघताना बांधून दिलेल्या किंवा प्रवासात बरोबर घेतलेल्या खाण्याला मेक्सिकोत 'इताकाते' म्हणतात, तोही नावात्लच, आपली शिदोरी. (तामाल हे एकवचन आहे. एका नगाला 'तमाले' म्हणणे ही इंग्रजीची चूक आहे, ती मराठीने उचलू नये.)

तोर्तियाचे तसेच. 'टॉर्टिला' हा उच्चार सोडून द्यावा, स्पॅनिशमध्ये तिथे 'ल' नाही. आणि तिला पोळी म्हणू नये. स्पॅनिश लोकांनी 'त्लाश्कल्ली' पाहिली आणि तिला 'छोटा केक' अशा अर्थाचे आपले नाव दिले. स्पेनमध्ये आजही तोर्तिया म्हणजे अंड्याचे जाड धिरडे. मेक्सिकोतील तोर्तिया मक्याची असते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन वाटतात. त्या मक्याला निश्तमाल म्हणतात, आणि त्या शब्दातला 'नेश्त्ली' म्हणजे राख. चुन्यामुळे मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग झाला. पीठ हाताने थापून किंवा दाबून तेलाविना तव्यावर भाजतात. ही भाकरी आहे. उत्तरेकडील सोनोरासारख्या राज्यांत तोर्तिया गव्हाची असते, तिला चपाती म्हणायला माझी हरकत नाही.

मुलगा दुपारी जिथे जेवतो त्या 'फोंदा'ला खानावळ म्हणावे, आणि तिथल्या 'कोमीदा कोर्रीदा'ला राइस प्लेट. 'कोर्रीदा' म्हणजे धावती, एकामागून एक पदार्थ येत राहतात म्हणून. तिच्यात आधी पातळ सूप येते, मग 'सोपा सेका' येते, जिचे 'कोरडे सूप' असे भाषांतर वाचून लोक गोंधळतात. ती भात किंवा शेवया असते. 'सोपा' हे नाव मुळात द्रवाचे नव्हते, रश्शात भिजवलेल्या पावाच्या तुकड्याचे होते. सगळा रस्सा पिऊन बसलेला भात म्हणूनच 'सोपा' ठरतो, आणि रस्सा उरला नाही म्हणून 'सेका', म्हणजे सुकी. आपण सुकी भाजी आणि पातळ भाजी म्हणतोच की. त्यानंतर गिसादो, म्हणजे मांसाचे किंवा भाजीचे कालवण, सोबत भाकऱ्या आणि फळांचे सरबत. जेवण झाल्यावर कोणी लगेच उठत नाही. हात वाळले तरी गप्पा चालू राहतात, आणि त्या बसून राहण्याला स्पॅनिशमध्ये स्वतंत्र नाव आहे, 'सोब्रेमेसा'. मराठीत ती क्रिया आहे, तिला नाव नाही, आणि ते असायला हवे होते.

राहिला प्रोवेचो. हा लॅटिन 'प्रोफेक्तुस', म्हणजे लाभ, या शब्दाचा वंशज. लॅटिन 'क्त'चा स्पॅनिश 'च' होतो, जसा 'ओक्तो'चा 'ओचो', म्हणजे आपला अष्ट आणि आठ. अर्थ इतकाच की खाल्लेले अंगी लागो. आपण 'सावकाश होऊ द्या' म्हणतो ते सहसा यजमान पाहुण्याला म्हणतो. मेक्सिकोत खानावळीतून बाहेर पडणारा माणूस वाटेतल्या प्रत्येक टेबलापाशी अनोळखी जेवणाऱ्यांनाही ते म्हणत जातो. मुलाने 'ग्रासियास' म्हणावे, आणि समोरचाही जेवत असेल तर 'इग्वालमेन्ते', म्हणजे 'तुम्हालाही', हे जोडावे.