फॉर्ममध्ये तीन रंग निवडले, पीएचपीत शेवटचाच का मिळतो?

ब्राउझर तिन्ही पाठवतो: ?रंग=लाल&रंग=निळा&रंग=हिरवा. पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंग भाषा) डावीकडून वाचत जाते आणि तेच नाव पुन्हा आलं की आधीची व्हॅल्यू पुसून नवी ठेवते. म्हणून हाती फक्त हिरवा. चेकबॉक्सचं नाव रंग[] असं ठेवा, तिन्हींचा ॲरे (यादी) मिळेल. एकही खूण केली नसेल तर ब्राउझर ते नावच पाठवत नाही, तेव्हा आधी ते आलंय का तपासा.

शेवटची व्हॅल्यू ठेवण्याचा हा नियम पीएचपीचा, एचटीटीपीचा (ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्याचा) नव्हे. जावा सर्व्हलेटचं (सर्व्हरवर विनंत्या हाताळणाऱ्या जावा प्रोग्रामचं) गेटपॅरामीटर हे फंक्शन पहिली व्हॅल्यू देतं. ॲपच्या पुढे बसवलेला सुरक्षा फिल्टर पहिली तपासतो आणि मागचं ॲप शेवटची वापरतं, अशी फट खरोखर धोक्याची. जिथे एकच व्हॅल्यू अपेक्षित आहे तिथे दुसरी दिसली की ४०० (चुकीची विनंती) हा एरर कोड देऊन विनंती सरळ नाकारा.