जुनं शाळा-रजिस्टर वाचताना

कोकणातल्या मुलांचा, शिक्षणाचा इतिहास शोधायचा तर एका गावापासून, एकाच शाळेपासून सुरुवात करा. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि जनरल रजिस्टरसोबत (शाळेत आलेल्या-गेलेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही) हजेरीपटही मागा.

सगळ्यात जास्त फसवतो तो जन्मतारखेचा रकाना. पानभर १ जून दिसली की समजायचं, गुरुजींनी अंदाजाने घातली आहे. कारण शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू व्हायचं. अशा तारखांवरून मुलींचं लग्नाचं वय काढू नका. खरा ऐवज ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात. तिथे ‘लग्न’, ‘मुंबईस गेला’, जे असेल ते जसंच्या तसं उतरवा. सगळ्याला ‘गळती’ म्हटलंत की हातातलं गेलं. बालविवाह रोखणारा शारदा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, लग्नासाठी मुलीचं किमान वय १४. त्याआधीची आणि नंतरची दहा-दहा वर्षं वेगळी मोजा. पण नंतर ‘लग्न’ कमी दिसलं तर लग्नंच कमी झाली असं लगेच धरू नका, कारण लिहिण्याची रीतही बदलते.

जुलैत हजेरीपट रिकामा? भाताची लावणी. त्याला पालकांची अनास्था म्हणणं सरळ अन्याय आहे.

बाणकोट-हर्णै पट्ट्यात रजिस्टरात नाव नसलेली मुसलमान मुलगी मक्तबात, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या शाळेत, कुराण वाचायला शिकलेली असू शकते. तेव्हा घरच्या वडीलधाऱ्या बायकांना विचारा, आणि ‘वय किती होतं’ऐवजी ‘तेव्हा धाकटा भाऊ चालायला लागला होता का’ असं विचारा.

कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळवा. तारीख जानेवारी ते गुढीपाडवा यांच्या मधली असेल तर ७९.