दोह्योवरचे होन

प्रश्न : ताई, नमस्कार. मुलाने मोबाईलवर सुमोचा एक व्हिडिओ दाखवला. कुस्ती लागायच्या आधी बरेच जण हातात रंगीत पताका घेऊन आखाड्याभोवती फिरले. कुस्ती चार सेकंदांत निकाली. मग पंचाने पंख्यावर ठेवून पाकिटांचा जाडजूड गठ्ठा पुढे केला आणि जिंकलेल्याने तो घेण्याआधी हवेत हात फिरवला. हे पैसे कोण देतं, किती असतात, आणि हरलेल्याला त्यातलं काही मिळतं का? आमच्याकडे बरोबरीत सुटली तर इनाम वाटून देतात. (एक जुना कुस्तीशौकीन, विटा)

उत्तर : दादा, हरलेल्याला एक येनही नाही. आणि बरोबरीचा प्रश्नच येत नाही, कारण दोघं एकदम पडले असं पंचांना वाटलं तर कुस्ती तिथल्या तिथे पुन्हा लावतात.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण खरी मेख तिथेच आहे. या इनामाला केन्शो म्हणतात आणि ते पैलवानावर नाही, जोडीवर लागतं. कंपन्यांचा डोळा अर्थातच मोठ्या नावांवर असतो, म्हणून योकोझुनाच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मानकऱ्याच्या कुस्तीला पताकांची रांग लागते. पण तो हरला की अख्खा गठ्ठा समोरच्याचा. समोरचा जर बिनपदवीचा, खालच्या फळीतला असेल तर त्याची दुहेरी चांदी. पाकिटं मिळतातच, शिवाय योकोझुनाला पाडल्याचा 'सोन्याचा तारा' त्याच्या नावावर चढतो. या एका ताऱ्यापायी पुढच्या प्रत्येक स्पर्धेला 40,000 येन जादा मिळतात, वरच्या दोन गटांत टिकून असेपर्यंत. वर्षाला स्पर्धा सहा, म्हणजे 2,40,000 येन. एका दुपारच्या चार सेकंदांची ही पेन्शनच म्हणा.

आता हिशेब. 2019 पासून एका पताकेचा दर 70,000 येन आहे, आपले साधारण 40,000 रुपये. त्यातले 10,000 सुमो संघटना खर्चापोटी कापून घेते. उरलेले 60,000 पैलवानाचे, पण त्यातले 30,000 संघटनाच त्याच्या नावावर कराची तजवीज म्हणून ठेवून घेते. म्हणजे हातात येणार 30,000. पैलवान माणूस, आज आले तर उद्या उडवेल आणि मार्चमध्ये कर भरायला ठणठणगोपाळ, हे ओळखूनच कुणीतरी ही व्यवस्था केली असावी असा माझा संशय आहे. माझे वडील कोल्हापूरचे, खासबागेतली एकही मोठी कुस्ती न चुकवणारे. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "आपल्याकडं कुणी असं कापून घेतलं असतं तर मैदानातच दुसरी कुस्ती लागली असती."

मी राहते तोक्योत, निशी-कासाईला. सुमोचं मोठं सभागृह, कोकुगिकान, र्योगोकुला आहे. गाडी बदलून तासाभराच्या आत पोचते. एका सप्टेंबरात वरच्या मजल्यावरची स्वस्तातली खुर्ची मिळाली होती. शेजारी एक आजोबा, गळ्यात दुर्बीण, मांडीवर जेवणाचा डबा. शेवटच्या कुस्तीआधी पताका निघाल्या. पताका धरणाऱ्यांना योबिदाशी म्हणतात. पैलवानांची नावं पुकारणं आणि मातीचा चौथरा, म्हणजे दोह्यो, झाडणं हीही त्यांचीच कामं. पताका साधारण सव्वा मीटर उंच, खाली झालर, वर कंपनीचं नाव. भातावर चहा ओतून खायचा मसाला विकणारी नागातानिएन ही कंपनी इथली जुनी गिऱ्हाईक. तिच्या एकाच कुस्तीला चार-पाच वेगवेगळ्या पताका दिसतात. एकामागून एक सगळे दोह्योला फेरी मारत होते आणि आजोबा ओठ हलवत बोटांवर मोजत होते. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाले, "निजू-नाना होन."

सत्तावीस होन! मी दचकलेच. जपानीत लांबट वस्तू मोजताना आकड्यापुढे 'होन' लावतात: पेन्सिली होन, बाटल्या होन, पताकाही होन. त्यांना काय माहीत की माझ्या डोळ्यांसमोर शिवरायांचे सोन्याचे होन उभे राहिले. हिशेब करून बघा. सत्तावीस पताका म्हणजे पैलवानाचे 16,20,000 येन, त्यातले निम्मे कराच्या खात्यात. कुस्ती इतकी झटपट झाली की मी तेव्हा पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होते. काही दिसलंच नाही.

तो हवेत फिरवलेला हात म्हणजे नमस्कारच. जिंकणारा उकिडवा बसतो, पंच, म्हणजे ग्योजी, आपल्या लाकडी पंख्यावर पाकिटं ठेवून पुढे करतो, आणि उजव्या हाताच्या कडेने डावीकडे, उजवीकडे, मधे अशी कापल्यासारखी खूण करायची. तीन देवांना वंदन, असा त्याचा अर्थ सांगतात. मंगोलियातून आलेला योकोझुना आसाशोर्यु डावखुरा, तो हे डाव्या हाताने करायचा. त्यावर इथे केवढा गदारोळ झाला! शेवटी त्याने हात बदलला. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी कशी बघायची, ते आठवलं की मला दोन्ही बाजू कळतात.

सगळ्यात जास्त कमाई कुणाची, असं तुम्ही पुढे विचारणारच. जानेवारी 2015 च्या स्पर्धेत हाकुहोने पंधराच्या पंधरा कुस्त्या मारल्या आणि 545 पताका उचलल्या. तेव्हा दर 62,000 होता आणि दर पताकेमागे रोख 30,000 हातात पडायचे. म्हणजे 1 कोटी 63 लाख 50 हजार येन, नुसते पाकिटांतले. विजेतेपदाचं बक्षीस 1 कोटी येन, म्हणजे पाकिटंच भारी पडली. बाकीच्यांचं असं नसतं. केन्शो फक्त सर्वात वरच्या गटातल्या 42 जणांच्या कुस्त्यांनाच लागतं, आणि त्यातही खालच्या जोड्यांसाठी बहुतेकदा योबिदाशी पताका न घेताच उभे असतात. पगार सुरू होतो तोच वरच्या दोन गटांपासून. त्याखालच्या पोरांना स्पर्धेमागे थोडा भत्ता आणि तालमीतलं जेवण.

कधी कधी पताका ठरतात आणि प्रतिस्पर्धी दुखापतीने येतच नाही. मग समोरचा न लढता विजयी. तो दोह्योवर चढतो, योबिदाशी एकच पताका उभी धरतो, तिच्यावर लिहिलेलं असतं 'न लढता विजय'. विजय नावावर जमा होतो, पाकीट नाही. लढलाच नाहीस तर कसलं इनाम! हे तुमच्या विट्यातही पटेल.

जुनी पद्धत तर थेट आपल्या जत्रेतली वाटावी. तुमच्याकडे जिंकलेला गडी मैदानाला फेरी मारतो आणि लोक हातात नोटा कोंबतात ना? इथे प्रेक्षक खूश झाले की अंगावरचा कोट, टोपी, तंबाखूची पिशवी जे हाताला लागेल ते दोह्योवर फेकायचे. नंतर ती वस्तू मालकाकडे परत न्यायची आणि त्याने बदल्यात रोकड द्यायची. 1909 साली पहिलं कोकुगिकान बांधलं आणि ही फेकाफेक बंद केली.

जाता जाता एक. टीव्हीवर या पताका तुम्हाला धड दिसणार नाहीत. इथे सुमो दाखवणारी एनएचके ही सार्वजनिक वाहिनी, तिला जाहिरात चालत नाही. पताका निघाल्या की कॅमेरा लांब जातो, छतावरून दोह्यो दाखवतो आणि रंगीत चौकोन नुसते सरकताना दिसतात. कोल्हापुरात आई मोबाईलवर सुमो बघते, परवा विचारत होती, "मधेच ते वरनं काय दाखवतात गं, फरशी?"

प्रश्न : एखाद्या बाईची कंपनी असेल तर तिला हे बक्षीस लावता येतं का? आणि ते द्यायला ती आत जाऊ शकते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसे लावता येतात. आत जाता येत नाही. दोह्योवर बाईने पाऊल ठेवायचं नाही, ही रूढी आजही पाळतात. 2000 साली ओसाकाच्या गव्हर्नरपदी ओता फुसाए निवडून आल्या. ओसाकात दर मार्चमध्ये स्पर्धा होते आणि गव्हर्नरच्या नावाचं बक्षीस विजेत्याला दोह्योवरच देतात. ते मी स्वतः देईन म्हणाल्या, संघटनेने नकार दिला. 2018 मध्ये माइझुरूला तर भाषण करता करता महापौर दोह्योवरच कोसळले. काही बायका धावत वर गेल्या, त्यांनी छाती दाबून उपचार सुरू केले आणि ध्वनिक्षेपकावरून घोषणा होत राहिली की महिलांनी खाली उतरावं. महापौर वाचले. संघटनेच्या अध्यक्षांनी नंतर माफी मागितली. सुमो माझं फार लाडकं आहे, पण त्या दिवसाच्या चित्रफिती मी दुसऱ्यांदा बघितल्या नाहीत.

ओता 2008 पर्यंत पदावर होत्या. तेवढ्या वर्षांत त्यांच्या नावाचं बक्षीस द्यायला दर मार्चला त्यांच्या वतीने एक पुरुषच दोह्योवर चढला.