एल्विसच्या आधीचे रॉक अँड रोल

प्रश्न : रॉक अँड रोलची सुरुवात एल्विस प्रेस्लीने केली, असे म्हणणे योग्य ठरेल का? (एक वाचक, गिरगाव, मुंबई)

उत्तर : नाही. एल्विसची पहिली तबकडी मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने १९५४ मध्ये काढली. परंतु त्याच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात, चर्चमधील भक्तिगीते गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्प यांनी इलेक्ट्रिक गिटारवर जो ठसकेबाज बाज घडवला, त्याचा प्रभाव पुढच्या पिढीच्या अनेक वादकांवर पडला. एल्विसने १९५६ मध्ये गाजवलेले ‘हाउंड डॉग’ही बिग मामा थॉर्नटन यांनी १९५२ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. ‘रॉक अँड रोल’ हे नाव रूढ करण्यात क्लीव्हलंडचे रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड यांचा वाटा मोठा होता. एल्विसचा आवाज असामान्यच. तरीही जनकत्वाचा मान त्याला एकट्याला देणे हा या कृष्णवर्णीय गायिकांवर अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.