डायलिसिसवरचे काही रुग्ण किडनी प्रत्यारोपण का नाकारतात?
भीतीपेक्षा मोठा अडसर बहुधा दात्याचा असतो. फोंड्याचे आमच्या ओळखीचे एक काका बायकोची किडनी घ्यायला साफ नाही म्हणाले, "माझं व्हायचं ते होवो, तिला कशाला कापायची?" १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे जवळच्या नातेवाइकाला किडनी देता येते, पण मागायला जीभ रेटत नाही. शिवाय प्रत्यारोपण झालं म्हणजे सुटलो असं नाही. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून गोळ्या कायमच्या, आणि त्यांनी प्रतिकारशक्ती दबते. त्यापेक्षा डायलिसिसच्या आठवड्यातून तीनदा चार-चार तास सुया, मोजून पाणी, शहाळं बंद, हे काहींच्या अंगवळणी पडलेलं असतं. हृदय कमजोर असेल तर कधी डॉक्टरच नको म्हणतात. बाकी आज नाही म्हटलं तरी पुढे विचार बदलता येतो. गोव्यात बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, प्रत्यारोपण होतं.